एकाही लॅपटॉपला निळा येत नाही

२ जानेवारी

बायकोने ही वही दिली. म्हणाली, "जगाबद्दल तुमचं जे काही म्हणणं असेल ते यात लिहा. मला सांगू नका. मी छत्तीस वर्षं ऐकलंय." ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली, पण बोलण्यातलं आम्ल काही निवृत्त झालं नाही.

तर जगाबद्दल माझं म्हणणं असं: आज सकाळी माझा एडिटिंगचा संगणक गेला. दुरुस्तीवाला आला, झाकण उघडलं आणि हसला. "काका, याचे भाग आता वस्तुसंग्रहालयात मिळतील." काम येत नसलं की माणसं हसायला लागतात. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

आणि हे नेमकं आत्ता. वीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगी होती, एडिटिंगच्या खोलीत इकडून तिकडे पळायची म्हणून मी तिला खारूताई म्हणायचो. आता ती माहितीपट करते आणि बक्षिसं घेते. तिच्या वडिलांचा निळीने कापड रंगवायचा कारखाना आहे, तो पंधरा फेब्रुवारीला कायमचा बंद होतोय. वर्षभर तिने तिथे चित्रीकरण केलंय. "सर, शेवटच्या दिवशी कारखान्याच्या अंगणातच सगळ्या कामगारांना फिल्म दाखवायची आहे. एडिट तुम्हीच करायचं. रंगही तुम्हीच. निळा तुमच्याइतका कोणाला कळतो?"

कोणालाच कळत नाही, हे खरंच आहे. आमच्या सरकारी फिल्म विभागात म्हणायचे, याला फ्रेम दाखवा आणि गप्प बसा. पस्तीस वर्षं मी या दोन डोळ्यांवर घर चालवलं.

लॅपटॉप घ्यावा लागणार.

५ जानेवारी

मेहुणा आला. याचा धंदा विमा विकण्याचा, पण ज्ञान सर्व विषयांतलं. इंटरनेटवर कोणा पोरसवदा तज्ज्ञांचे व्हिडिओ बघून तो यादी घेऊन आला होता. "भाऊजी, रॅम बत्तीस, ग्राफिक्स कार्ड वेगळं, डिस्क फास्ट. एवढं बघा, बाकी डोळे झाकून घ्या."

मी म्हटलं, "डोळे झाकून विमा घेतात. लॅपटॉप डोळे उघडे ठेवून घ्यायचा असतो."

त्याचं तोंड उतरलं. "ताई, बघ ना," म्हणत तो स्वयंपाकघरात गेला. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. बोलू देत.

रॅम, कार्ड, डिस्क हे सगळं लागतं, नाही कोण म्हणतंय? मोठ्या फाइली लागतात तेव्हा यंत्र धापा टाकायला लागलं तर काम होत नाही. पण व्हिडिओचा लॅपटॉप म्हणजे मुळात स्क्रीन, आणि त्या स्क्रीनला जोडलेलं बाकीचं सामान. रंग खोटा दाखवणाऱ्या स्क्रीनमागे जगातलं सगळ्यात वेगवान यंत्र लावलंत, तरी ते चुका वेगाने करणार, इतकंच.

८ जानेवारी

दुकान. बायको सोबत. काउंटरला चष्मा लावलेली एक मुलगी होती, पंचविशीतली. मी तिला आधीच सांगितलं की माहितीपत्रक वाचून दाखवू नकोस, ते मलाही वाचता येतं. पेन ड्राइव्हवर माझी क्लिप नेली होती: रंगारी, म्हणजे खारूताईचे वडील, हौदातून कापड वर काढतात. निळीचं कापड बाहेर येतं तेव्हा हिरवट असतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. पंधरा सेकंदांची ही क्लिप म्हणजे स्क्रीनची परीक्षाच.

पहिला लॅपटॉप: चिखल. दुसरा: तोच चिखल, जास्त किमतीचा. तिसऱ्यावर पांढऱ्या भिंती जुन्या वर्तमानपत्रासारख्या. मी तिला म्हटलं, रात्रीसाठी स्क्रीन पिवळा करायची सोय असते ती चालू राहिली असेल, बंद कर. तिने उघडून दाखवलं. बंदच होती. चौथा. पाचवा.

"काका," ती म्हणाली, "पाच वेगवेगळ्या कंपन्यांचे स्क्रीन सारखेच पिवळे कसे असतील?"

"कारण सगळ्या कंपन्या सारख्याच लबाड आहेत."

"मला निळा दिसतोय. छान दिसतोय."

"मग चष्म्याचा नंबर तपासून घे," मी म्हटलं.

तिने पाचही लॅपटॉप एकेक करून बंद केले. बायको म्हणाली, "मलाही निळाच दिसतोय हो." तिला नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालायची, तेवढीच माहीत.

मी बाहेर आलो. बायको पिशवी विसरले म्हणून परत आत गेली आणि दहा मिनिटांनी आली. पिशवी तर पहिल्यापासून तिच्या खांद्यालाच होती.

११ जानेवारी

दुसरं दुकान. इथला विक्रेता गुळगुळीत. मी म्हटलं पिवळा आहे, तो म्हणाला, "हो सर, पिवळाच आहे." मी म्हटलं नाही, तांबूस आहे. "हो सर, थोडा तांबूसच." मी म्हटलं तुझं डोकं ठिकाणावर आहे का? त्यावरही बहुतेक हो म्हणाला असता. ती चष्मेवाली परवडली.

१४ जानेवारी

संध्याकाळी फिरून आलो. रस्त्यावर कसले दिवे बसवलेत कळत नाही, प्रत्येकाभोवती कडं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तर थेट अंगावर येतात. एका गाडीवाल्याला थांबवून मी चार शब्द सुनावले. बायकोने हात धरून मला फुटपाथवर घेतलं. म्हणाली, "एकदा डोळे तपासून घ्या ना."

मी तिला स्पष्ट सांगितलं. माझे डोळे सुतळीतला पीळ मोजतात. दोन फ्रेममधला फरक मी चालत्या फिल्मवर ओळखायचो, तेव्हा विभागातले निम्मे लोक फिल्म उलटी लावत होते. लोकांनी वाईट वस्तू बनवायच्या आणि तपासायचे माझे डोळे?

घरी आल्यावर ती म्हणाली, "मोजे बदला. एक काळा आहे, एक निळा."

मोज्यांच्या कंपन्याही त्यातल्याच.

१७ जानेवारी

शेवटी ऑनलाइन मागवला. वजनदार, महाग, रंगकाम करणारे लोक ज्याची शपथ घेतात असा. रॅम मेहुण्याने सांगितलेलीच निघाली, हे त्याला कळता कामा नये. खोकं उघडलं. यंत्र सुरेख आहे, मान्य. फाइली लोण्यासारख्या चालतात, पंख्याचा आवाज नाही.

स्क्रीन पिवळा.

फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. माणूस पाठवतो म्हणाले.

२० जानेवारी

माणूस आला. सोबत एक चपटं यंत्र, ते त्याने जळवेसारखं स्क्रीनला चिकटवलं. स्क्रीनवर रंगांचे चौकोन येत गेले, यंत्र ते मोजत गेलं. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "सर, एकदम अचूक आहे. इतका अचूक स्क्रीन मी या महिन्यात पाहिला नाही."

"आणि तुमचं मोजायचं यंत्र कोणाचं?"

"कंपनीचंच, सर."

"झालं तर मग," मी म्हटलं. "चोराच्या घरी पंचनामाही चोरानेच करायचा."

तो तरुण असूनही चिडला नाही, याचाच मला राग आला. जाताना त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे. मी न बघितल्यासारखं केलं.

२१ जानेवारी

पंचवीस दिवस उरले. आणखी शोधत बसलो तर फिल्म राहील. हाच ठेवायचा. निवड वगैरे काही नाही, पदरात पडलंय ते घ्यायचं. स्क्रीनची सेटिंग बदलणं हा अडाण्यांचा उपाय. स्क्रीन निळा खातो ना, मग मी चित्रात निळा जास्त घालेन. पस्तीस वर्षं वाईट यंत्रांवर चांगली कामं केली, त्यात आणखी एक.

२९ जानेवारी

आठ दिवस लिहिलं नाही. कापत होतो.

हल्लीची पोरं दर दोन सेकंदांनी कट मारतात, जणू प्रेक्षक पळून जाणार आहे. मी रंगाऱ्याच्या एका शॉटला चाळीस सेकंद दिली आहेत. तो हौदाच्या काठावर उकिडवा बसलाय, वास घेतोय. काही घडत नाही. मग एकदम उठतो आणि म्हणतो, "झालंय." आधी काय झालं नव्हतं आणि आता काय झालं, ते त्याच्याखेरीज कोणालाच दिसत नाही. तिथे कट. यातलं काहीही कोणत्याही व्हिडिओत शिकवत नाहीत.

तो माणूस मला आवडलेला नाही, हेही लिहून ठेवतो. मान वर करून बोलतो. कामगारांवर खेकसतो. कॅमेऱ्याला म्हणतो, "तुला काय कळणार आहे यातलं?" सगळ्या जगात अक्कल एकट्यालाच आहे असा आव. अशा माणसाबरोबर घरच्यांनी दिवस कसे काढले असतील?

हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. कारण विचारलं तर सांगेना.

३ फेब्रुवारी

पहिला मसुदा खारूताईला पाठवला. रंगांसकट. आठ तास उत्तर नाही. मग फोन.

"सर, कट अप्रतिम आहे. मी रडले."

"रडण्यासारखं काही नाही त्यात. रंग?"

"रंगांबद्दल... मी बाबांना घेऊन येते, सर. परवा."

बरं झालं. निळीत आयुष्य घालवलेला माणूस निदान दाद तरी देईल.

५ फेब्रुवारी

जसं घडलं तसंच लिहितो.

दोघं सकाळी आली. रंगारी प्रत्यक्षात फिल्मपेक्षा ठेंगणा. कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला, नमस्कारही मानेनेच केला. बायकोने चहा दिला तेव्हा हात बाहेर काढले. कळकट, कोळशासारखे काळपट हात. दुसऱ्याच्या घरी जाताना माणूस हात तरी धुतो. कप घेताना त्याने बाही बोटांपर्यंत ओढून घेतली.

मी फिल्म लावली. दोन मिनिटं झाली असतील.

"बंद करा," तो म्हणाला. "एडिटरसाहेब, हा निळा कुठला?"

"तुमच्या हौदातला."

"माझ्या हौदातून असला निळा निघाला असता, तर मी हौद ओतून दिला असता. आकाश बघा. भिंत बघा. माणसं बघा, मेल्यासारखी निळी पडलीत."

खारूताई म्हणाली, "बाबा, हळू."

"हळू काय? याला निळा दिसत नाही."

आजवर मला कोणी असं बोललं नव्हतं. मी उभा राहिलो. म्हटलं, तुम्ही कापडं बुडवता, मी चित्रं करतो. तुमची अक्कल हौदापुरती, ती इथे पाजळू नका. स्क्रीन खराब आहे हे मला तुमच्याआधी माहीत आहे. एकाही लॅपटॉपला निळा येत नाही.

"एकाही?" तो म्हणाला.

"एकाही."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून सुती कापडाच्या पट्ट्यांची एक गुंडाळी काढली आणि माझ्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, नऊ पट्ट्या मांडल्या. "हे काही लॅपटॉप नाहीत," तो म्हणाला. "फिक्यापासून गडदपर्यंत लावा. आणि यात एक पट्टी निळी नाहीच. ती बाजूला काढा."

पोरखेळ. मी लावल्या. फिक्या चार पटकन लागल्या. पुढच्या पाच... खिडकीतला उजेड कमी होता. मी एक उचलून बाजूला ठेवली.



तो बायकोकडे वळला. "वहिनी, तुम्ही सांगा." बायको दारातूनच म्हणाली, "शेवटून दुसरी. ती काळी आहे." आणि मग, "यांनी बाजूला काढली ती सगळ्यात सुंदर निळी आहे."

मी पट्टी उचलली, खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली. काळी. दुसरी उचलली. काळी. खारूताई जमिनीकडे बघत होती. तिला मसुदा पाहिल्यापासून माहीत होतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि ती मला घाबरत होती हेही.

रंगारी खुर्चीत बसला. आवाज तोच खरखरीत, पण खाली आलेला. "तीन वर्षांपूर्वी माझा अख्ख्या हंगामाचा माल परत आला. गिऱ्हाईक म्हणे रंग भडक. मी त्यांना आंधळे म्हणालो. तोंडावर. कामगार म्हणाले तर त्यांनाही. दोन जणांना काढून टाकलं."

"मग?"

"मग आंधळा मी निघालो. मोतीबिंदू. हळूहळू येतो, त्यामुळे आपल्याला वाटतं जगच मळलंय."

मी त्यांना जायला सांगितलं. कसं सांगितलं ते लिहीत नाही.

६ फेब्रुवारी

डोळ्यांची डॉक्टर. तिशीतली, घाईत. "दोन्ही डोळ्यांत आहे, चांगलाच पिकलाय. चहाच्या पेल्यातून बघितल्यासारखं दिसत असणार. इतके दिवस गाडी चालवत होता?" शस्त्रक्रियेची तारीख दोन मार्च. आधीची नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत मी ज्यांना मूर्ख म्हणालो त्यांची यादी करायला बसलो. सुरुवात केली आणि वही मिटली. तिरस्कार करायची सवय असलेल्या माणसाला स्वतःचा तिरस्कार करणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात.

बायकोने जेवायला हाक मारली. मी विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"सांगितलं का नाही?"

तिने वाढता वाढता माझ्याकडे नुसतं पाहिलं.

९ फेब्रुवारी

सकाळी रंगारी दारात. एकटा. "पोरगी म्हणते तुम्ही काम सोडलंत."

"दिसत नाही तर करू काय?"

"मला दिसतं. ऑपरेशन झालंय. हात तुमचे, डोळे माझे. सरका."

खुर्ची ओढून बसला. आमंत्रणाची वाट बघण्याची पद्धत नाहीच या माणसाला.

सबंध दिवस भांडण. मी घातलेला सगळा निळा आधी काढून टाकला. मग शॉटमागून शॉट. "चढव. अजून. अरे थांब, थांब म्हटलं ना! मागे घे." सकाळचं अहो-जाहो दुपारपर्यंत गळून पडलं होतं. त्याला वाटतं माउस म्हणजे रंग ढवळायची काठी, जोरात हलवली की लवकर होतं. मी म्हटलं, तुझ्यासारखा सहायक मी पहिल्या दिवशी हाकलला असता. तो म्हणाला, तुझ्यासारखा कामगार मी हौदात ढकलला असता. बायको दोनदा येऊन बघून गेली, मारामारी तर नाही ना.

संध्याकाळपर्यंत चौदा मिनिटं झाली. मला सगळं राखाडी-तपकिरीच दिसत होतं. तो मात्र एका शॉटला स्वतःशीच म्हणाला, "हां. हा आपला."

माझ्या आयुष्यात मी कोणाच्या शब्दावर एक फ्रेमसुद्धा सोडली नव्हती.

१२ फेब्रुवारी

संपलं. शेवटी त्याच्या हातांचा शॉट होता: दोन हात कापड पिळतात, अगदी जवळून, बत्तीस सेकंद. तिथे त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला. चित्रातल्या एखाद्याच भागाभोवती कुंपण घालून तेवढ्याचाच रंग बदलता येतो, हे त्याला एव्हाना कळलं होतं. हातांभोवती कुंपण घालून घेतलं. "उजळ कर. अजून. नखंपण. अजून थोडी." मी म्हटलं, कापड सोडून हातांच्या काय मागे लागलायस? "हात असेच असतात," तो म्हणाला. स्वतःच्या हाताचाही गर्व! पण त्याचे डोळे, त्याची जबाबदारी. मी तो म्हणेल तसं करत गेलो.

१५ फेब्रुवारी

कारखान्याचं अंगण. दिवस मावळताना भिंतीवर पांढरं कापड ताणलं, कामगार उलट्या पिंपांवर, पायऱ्यांवर, जमिनीवर बसले. साठेक माणसं. माझ्या विभागातले साहेब लोक फिल्म बघायचे तेव्हा घड्याळात बघायचे. इथे कोणी हललं नाही. कापड हौदातून वर आलं, आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी कामगारीण मोठ्याने म्हणाली, "हाच! हा आपलाच निळा!" सगळे हसले, काही जण डोळे पुसत होते.

माझ्या वाट्याला राखाडी अंधारात हलणारं राखाडी कापड. पण लोकांच्या श्वासांवरून मला कट कळत होते. एकही कट चुकला नव्हता.

शेवटी हातांचा शॉट आला तेव्हा मात्र अंगणात वेगळीच शांतता पसरली. कोणी हसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. फिल्म संपल्यावर खारूताई माझ्याजवळ आली. "सर, बाबांचे हात..." एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "बत्तीस सेकंद दिली आहेत. कमी दिली असती तर बसला नसता."

तिने मान हलवली. मला वाटतं, तिला लांबी पटली.

३ मार्च

काल उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. आज पट्टी निघाली.

न्हाणीघरातली बादली निळी आहे. मी तिला राखाडी समजत होतो. ती अशी निळी आहे की मी दार लावून तिच्यासमोर उभाच राहिलो, बायको काळजीने दार वाजवायला लागली. दुधाचं भांडं पांढरं आहे. डावा डोळा उघडला की सगळ्यावर चहा सांडतो, मिटला की पुसला जातो. दिवसभर एकेक डोळा मिटत बसलो. मेहुणा आला होता, त्याला वाटलं मी त्याला डोळा मारतोय.

त्याला सांगितलं की रॅमचं त्याचं म्हणणं बरोबर होतं. तो इतका खूश झाला की मला लगेच पश्चात्ताप झाला.

६ मार्च

डॉक्टरने परवानगी दिली तेवढा वेळ, एका डोळ्याने, फिल्म पाहिली.

लॅपटॉपचा स्क्रीन उत्तम आहे. लिहायला जड जातंय, पण उत्तम आहे. आणि त्या अडेलतट्टू माणसाची नजर... मी स्वतः चांगल्या डोळ्यांनी केलं असतं तर इतकं झालं असतं का, माहीत नाही. हिरव्यातून निळा उगवतो ती जागा मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली.

मग हातांचा शॉट आला. गोरे, स्वच्छ हात. नखं गुलाबी, तान्ह्या मुलासारखी.

मी थांबवलं. मूळ चित्रीकरण उघडलं. त्यात हात कोपरापर्यंत निळे आहेत. नखं शाईत बुडवल्यासारखी. कातडीच्या प्रत्येक घडीत नीळ. ज्यांना मी याच वहीत कळकट म्हणालो, ते हे हात.

मला फसवलं. मी दिसत नसताना त्याच्या शब्दावर चाललो, आणि त्याने माझ्या हातून माझ्या फिल्ममध्ये खोटं घालून घेतलं. पस्तीस वर्षांत मी एक खोटा रंग जाऊ दिला नव्हता. तडक फोन लावला.

"हात धुतलेस का रे?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "दिसायला लागलं वाटतं."

"सगळ्या अंगणभर खोटेपणा दाखवलास! त्या कामगारांना तुझे हात माहीत नाहीत का?"

"त्यांना माहीत आहेत. म्हणून तर गप्प बसले." मग सांगू लागला. "पोरगी दुसरीत होती. शाळेत पालकांना बोलावलेलं. मी बाहेरच थांबायचो, हात मागे. त्या दिवशी आत जावं लागलं. बाईंनी माझ्या हातातून वही घेतली आणि रुमालाने पुसली. वाळलेली नीळ लागत नाही कोणाला, पण ते त्यांना कोण सांगणार? पोरगी बघत होती. पुढे तिने मला शाळेत कधी बोलावलं नाही. मीही गेलो नाही."

मूळ चित्रीकरणातले निळे हात माझ्यासमोर उघडे होते.

"अंगणात तीही बसली होती," तो म्हणाला. "आयुष्यात एकदा तिच्यासमोर स्वच्छ हातांनी उभं राहावंसं वाटलं. आता काढून टाक हवं तर. तुझी फिल्म आहे."

फोन त्यानेच ठेवला.

९ मार्च

खारूताईचा निरोप: फिल्म एका मोठ्या महोत्सवाला पाठवायची आहे, उद्यापर्यंत. "सर, आता तुम्हाला दिसतंय. काही दुरुस्ती करायची असेल तर सांगा. काहीही."

ते 'काहीही' मी तीनदा वाचलं. तिला माहीत आहे. अंगणातच तिला कळलं होतं, आणि मी तिला सेकंद मोजून दाखवत बसलो.

सकाळपासून तो शॉट समोर उघडा आहे. कुंपण काढायला एक क्लिक पुरते. खरे हात जास्त सुंदर आहेत, यात वादच नाही. ज्याला रंगातलं काही कळतं असा कोणीही त्या गुलाबी नखांकडे बघून म्हणेल की एडिटर आंधळा असणार. महोत्सवात असे लोक असतात. ते माझ्याबद्दल काय बोलतील तेही मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या जागी मी असतो तर त्याहून वाईट बोललो असतो.

बायको मागे येऊन उभी राहिली. तिने स्क्रीन पाहिला आणि मला पाहिलं.

दुपारी खारूताईला उत्तर पाठवलं: "दुरुस्ती नाही. रंग बरोबर आहेत. एडिटर आणि रंग, दोन्हीकडे नाव माझंच घाल."